खाटेच्या कोपऱ्यावरचं पाखरू

९ जून, मंगळवार

आज कॉम्प्युटरने मला दारातूनच हाकललं. आधी पासवर्ड चुकला, मग फोनवर आकडे आले ते टाकेपर्यंत शिळे झाले, मग म्हणाला थोड्या वेळाने या. सरकारी कचेरीतला माणूस निदान मान वर करून तरी बघतो.

हे काम माझ्या लेकीने, डानित्साने, माझ्या गळ्यात मारलं आहे. "ताता, दिवसभर खिडकीत बसून जहाजांना नावं ठेवतोस, त्यापेक्षा माझे कागद भर." पोरीने बँकेतली बरी नोकरी सोडून तान्ह्या मुलांच्या खाटा आणून विकायचा धंदा काढला आहे. खाटा करतो माझा चुलतभाऊ झ्द्राव्को, तिकडे समुद्रापार डेल्नित्सेच्या जंगलात, आमच्या वाडवडिलांच्या मुलखात. बीचच्या झाडाचं लाकूड, चारी बाजूंनी कठडे, हात फिरवला तर लोण्यासारखं गुळगुळीत. पहिला कंटेनर जुलैअखेरीस इथे अमेरिकेत, सान पेद्रोच्या बंदराला लागेल. तो धड सुटला आणि खाटा दुकानांत गेल्या तर धंदा उभा राहिला. नाही तर दुसरा कंटेनर आणायची तिची ऐपत नाही. हे ती हसत सांगते, पण नखं कुरतडून ठेवली आहेत.

दुपारी विल्मिंग्टनला तेओ आब्रिगोकडे गेलो. ही आमची कस्टम एजंट. फिलिपिनो बाई, माझ्याच वयाची, टेबलावर कायम तळलेल्या केळ्यांची पुडी. मला 'कुया' म्हणते, म्हणजे दादा.

"कुया ल्युबो, पूर्वी सुरक्षेचं प्रमाणपत्र कपाटात पडून असायचं. कुणी मागितलं तर शोधायचं. या उन्हाळ्यापासून तसं नाही. माल धक्क्याला लागायच्या आत त्याची सगळी कुंडली सरकारच्या यंत्रात गेलेली हवी. कुणी बनवलं, कुठे, कधी, कुठल्या नियमाखाली तपासलं, कुणी तपासलं, आणि शेवटी, हे सगळं खरं आहे असं कोण म्हणतंय."

"कोण म्हणतंय?"

"बाहेरून आणणारा. म्हणजे तुमची मुलगी."

मी उभी हयात क्रेनच्या काचेच्या खोलीत काढली. हजारो कंटेनर जहाजावरून उचलून ट्रकवर ठेवले. आत काय आहे हे मला कधी कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. पेटी म्हणजे पेटी. आज पहिल्यांदा मनात आलं, अरे बाप रे, त्यातल्या किती पेट्यांत कुणाच्या तरी बाळाची झोप होती.

१२ जून, शुक्रवार

आज जे पाहिलं ते लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

झ्द्राव्कोने हिवाळ्यात पाठवलेल्या नमुन्याच्या खाटेची तपासणी ग्लेंडेलपलीकडच्या एका प्रयोगशाळेत चालू आहे. डानित्साला दुकानदारांना भेटायचं होतं, म्हणून मी गेलो. मला वाटलं होतं पांढरे डगले, काचेच्या नळ्या. तर आत मोठी शेड, आणि शेडच्या मधोमध आपली खाट. रिकामी. आणि एक लोखंडी हात तिचा कठडा धरून ती गदागदा हलवतोय. थांबतच नाही.

तिथला इंजिनिअर हारूत सार्किस्यान. जाड मिशा, बारीक आवाज. मी विचारलं, "इतकं कोण हलवतं हो घरी?"

"दीड वर्षाचं पोर. सकाळी भूक लागली की." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्हाला एकच मुलगी ना? म्हणून विसरलात."

पलीकडे दुसऱ्या कुणाच्या तरी खाटेवर एक वजन वरून पडत होतं. उचललं जायचं, पडायचं, उचललं जायचं, पडायचं. बाळ उड्या मारतं त्याचा हिशेब. एक मुलगी कठड्याचे गज एकेक करून पिळून बघत होती. दुसरा एकजण रंग खरवडून पुडीत भरत होता, शिसं आहे का बघायला, कारण दात येताना पोरं कठडा चावतात. त्या शेडमध्ये एकही मूल नव्हतं आणि सगळे जण मुलांचाच विचार करत होते. मला चर्चमध्ये वाटतं तसं वाटलं. टोपी काढून हातात घेतली.

निघताना हारूतने खिशातून एक पेनी काढली. कठड्यावर आडवी ठेवली आणि कोपऱ्याच्या खांबाच्या माथ्यावरून बोट फिरवून दाखवलं. "कोपऱ्याचा खांब कठड्याच्या वर या पेनीच्या जाडीएवढाच येऊ शकतो. त्याहून तसूभर वर आला की नापास. तुमच्या भावाचे चारही कोपरे सपाट आहेत. हुशार माणूस दिसतो."

इतकी बारकाई कशासाठी ते विचारणार होतो, पण त्याला फोन आला.

घरी येताना गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही.

१८ जून, गुरुवार

खाट पास झाली. डानित्साने मला मिठी मारली, मग तेओलाही फोनवरच मुके दिले.

रात्री झ्द्राव्कोला फोन लावला. तिकडे सकाळ उजाडली होती. मागे कोंबडा आणि करवत एकदमच ओरडत होते.

"कंटेनर भरतोय," म्हणाला. "आणि ऐक, तुम्हा लोकांसाठी एक गंमत ठेवली आहे. डानित्साला सांगू नकोस."

मी त्याला झापलं. "झ्द्राव्को, वाळवलेलं मांसबिंस घालू नकोस हं पेटीत. इथे कस्टमवाले कुत्रं घेऊन येतात."

"खायचं नाही रे खादाडा. बघच तू. डोळ्यांत पाणी येईल."

कसली गंमत असेल? माझा तर्क रकियाच्या, म्हणजे गावच्या दारूच्या, बाटलीवर आहे. देव करो आणि ती फुटो न फुटो, कुत्र्याला न सापडो.

२३ जुलै, गुरुवार

आज प्रमाणपत्र पाठवलं. मी. या बोटांनी.

तेओ शेजारी बसली होती. एकेक रकाना भरत गेलो. झ्द्राव्कोच्या कारखान्याचं नाव. डेल्नित्से. लाकूड कापलं तो महिना. हारूतची प्रयोगशाळा, तपासणीची तारीख. चाचण्यांची कागदपत्रं कोण सांभाळतं, त्याचं नाव आणि फोन. म्हणजे उद्या वॉशिंग्टनमधल्या कुणाला शंका आली तर तो थेट हारूतच्या टेबलावरचा फोन वाजवू शकतो. एका खाटेमागे एवढी माणसं एकमेकांचा हात धरून उभी आहेत, आणि शेवटचा हात माझ्या मुलीचा.

पाठवायच्या आधी तेओने विचारलं, "कुया, कारखान्याला विचारलंत ना? नमुना तपासल्यानंतर काही बदललं नाही ना? लाकूड, रंग, स्क्रू, काहीही?"

"झ्द्राव्को माझ्या सख्ख्या काकाचा मुलगा आहे. त्याला हे विचारायचं म्हणजे जेवायला बसून त्याच्या आईला विचारायचं की भाजी धुतली होती का."

तेओ हसली. "माझी सासूही अशीच आहे." तिने केळ्यांची पुडी पुढे केली. मी बटण दाबलं.

श्वास घेईपर्यंत उत्तर आलं, स्वीकारलं. इतक्यात? मी पडद्याकडे बघत राहिलो. जहाज अजून कुठे तरी पाण्यात आहे, आणि त्याच्या पोटातल्या खाटांची ओळख इथे आधीच पटलेली. माझ्या बापाच्या काळी मासेमारीची बोट परत येतेय की बुडाली हे ती बंदरात दिसेपर्यंत कळत नसे. आई मेणबत्ती लावून बसायची. मला तिला हा पडदा दाखवावासा वाटला.

२८ जुलै, मंगळवार

जहाज आलं. माझ्या जुन्याच धक्क्यावर लागलं, योग बघा. मी कुंपणापलीकडे उभा राहून क्रेन पाहत होतो. हल्लीची पोरं पेटी जरा धसमुसळेपणाने ठेवतात. आमचा कंटेनर कोणता हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून प्रत्येकाकडे आपलाच असल्यासारखं पाहिलं.

३० जुलै, गुरुवार

कंटेनर कुणीही न अडवता सुटला. गोदामात दार उघडलं आणि बीचच्या लाकडाचा वास आला, आजोबांच्या अंगणातला. डानित्साने पहिलं खोकं फोडलं, आम्ही दोघांनी खाट जोडली, आणि मग कळलं झ्द्राव्कोची गंमत काय ती.

चारही कोपऱ्यांवर पाखरं.

खांबाच्या माथ्यावर एकेक पाखरू कोरून बसवलं आहे, अंगठ्याएवढं उंच, पंख मिटलेलं, मान जरा वळलेली, चोच वर. प्रत्येक खाटेवर वेगळी. एकीवर झोपलेली, एकीवर चिडकी, एकीवरचं एक तर चक्क झ्द्राव्कोच्या बायकोसारखं दिसतं. सोबत चिठ्ठी होती, कारखान्यातल्या सगळ्यांनी संध्याकाळी थांबून, आपल्या वेळेत कोरली आहेत. अमेरिकेतल्या आपल्या लेकरांच्या उशाशी आपल्या गावचं काही तरी असावं म्हणून.

मी रडलो. लपवत नाही. डानित्साही रडली. आपल्याकडच्या लोकांचे हात! हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच. इतक्या दुरून, ज्यांची तोंडं बघितली नाहीत त्या पोरांसाठी कुणी तरी चोची कोरत बसलं होतं. जगात चांगुलपणा इतका आहे आणि तो इतका भरवशाने पेटीत भरून येतो, हे बघून मी थक्क झालो.

"तेओला फोटो पाठवू?" डानित्साने विचारलं.

"सावकाश पाठव," मी म्हटलं. "आधी दुकानांना पाठव, वेडे होतील."

वेडे झालेच. सोमवारी माल न्यायला येणार होते, आता सगळ्यांनाच आधी हवा आहे. पण ट्रकच मिळाला नाही, म्हणून तारीख एक आठवडा पुढे गेली.

१ ऑगस्ट, शनिवार

पहिली खाट ग्रासिएलाला दिली. ती धक्क्यावरच्या माझ्या जुन्या जोडीदाराची, चुय रुएलासची मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याला मीच तिला हातात धरलं होतं, म्हणून अजून मला 'नीनो' म्हणते, म्हणजे धर्मपिता. आता तिची पिलार आठ महिन्यांची आहे, आणि परवापासून हाताला लागेल ते धरून उभी राहते.

चुयने अंगणात मांस भाजलं, मी पास्ता नेला. खाट पाहून शेजारणी आत-बाहेर करत होत्या. पिलार उभी राहिली, एका पाखराची मान धरली आणि सरळ तोंडात घातली.

"नीनो, हिला आवडलं बघा," ग्रासिएला म्हणाली.

चुय म्हणाला, "उभा जन्म पेट्या उचलल्यास, एकदा तरी चांगली पेटी घरी आणलीस."

असा आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

६ ऑगस्ट, गुरुवार

आज अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी गोदामात एकटाच होतो. दुकानदारांना दाखवायला जोडून ठेवलेल्या खाटेत गादी नीट बसली नव्हती, म्हणून वाकलो. गोदामाची किल्ली मी गळ्यात दोरीने अडकवतो. गादी दाबली, उठायला गेलो, आणि गळ्याला हिसका बसला. दोरी कोपऱ्यातल्या पाखराच्या मानेत अडकली होती. मी जितका वर उठायला जाई तितकी ती आवळत गेली. क्षणभर, अगदी क्षणभरच, मला कळेना काय करायचं. एवढा मोठा माणूस मी. मग गुडघे वाकवले, खाली झालो, दोरी सुटली.

खाली झालो म्हणून सुटली. तान्हं मूल उलट करेल. त्याचे पाय घसरतील आणि ते लोंबकळेल.

तेव्हा मला ती पेनी आठवली. हारूतचं बोट, कोपऱ्यावरून सरकणारं. दुसऱ्याच क्षणी पिलार आठवली.

गाडी कशी चालवली माहीत नाही. फोन लावत होतो, ग्रासिएला उचलत नव्हती. दार ढकलून आत गेलो, ती न्हाणीघरात होती, धुण्याच्या मशीनच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नव्हतं. पिलार खाटेच्या कोपऱ्यात उभी होती. अंगात टोपीचं जाकीट, टोपी पाठीवर लोंबत होती, आणि पाखराची चोच टोपीच्या काठाला टेकलेली. ती माझ्याकडे बघून हसली आणि नाचायला लागली.

मी तिला उचललं. टोपी चोचीवरून अलगद सुटली.

"नीनो? काय झालं?" ग्रासिएला ओले हात घेऊन दारात. मी पोरीला छातीशी धरून तिथेच जमिनीवर बसलो. ती माझ्या दोरीशी खेळत होती. दोरी गळ्यातून काढून फेकून दिली.

खाट सोडवून गाडीत घातली. ग्रासिएलाला एवढंच म्हटलं, "हिला आज तुझ्याजवळ झोपव. खाटेत चूक आहे. चूक माझी आहे."

७ ऑगस्ट, शुक्रवार

डानित्साला सांगितलं. ती गोदामाच्या पायरीवर बसून राहिली. मी म्हटलं, "एक काम करू. गुपचूप पाखरं कापून टाकू, सपाट करू, सोमवारी माल जाऊ दे. कुणाला पत्ता लागणार नाही."

"ताता, त्या यंत्रात आत्ता या घडीला माझ्या नावावर लिहिलंय की या खाटा तपासल्या आहेत. या खाटा तपासलेल्या नाहीत. तपासली ती दुसरीच होती, बिनपाखरांची."

"पण यंत्राने तर स्वीकारलं."

"तू सांगितलंस म्हणून स्वीकारलं."

तेओ धावत आली, केसांत तशीच पेन्सिल खोचलेली. तिने पाखरावरून हात फिरवला आणि तिचेही डोळे भरले. "किती सुंदर आहे हो. कुया, यंत्राला पाखरू दिसत नाही. त्याला फक्त आपला शब्द दिसतो. एवढं थोरलं सरकार, एवढं थोरलं बंदर, आणि सगळं आपल्या शब्दावर उभं आहे. मला तर कधीकधी भीतीच वाटते."

पोरीने स्वतः कळवलं. वॉशिंग्टनच्या खात्याला, मग एकेका दुकानदाराला. दुकानदारांशी बोलताना ती उभी राहून बोलत होती, शाळेत बाईंसमोर उभी राहायची तशी. एकाने ऑर्डर तिथल्या तिथे रद्द केली. बाकीचे म्हणाले बघू. पोरीने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"ताता, तू विचारायला हवं होतंस झ्द्राव्को काकाला."

"हो."

ती खोकी मोजायला निघून गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी हारूतला फोन केला. जे त्या दिवशी विचारायचं राहिलं ते विचारलं, पेनीची जाडी कशासाठी. तो म्हणाला, "ल्युबो, पूर्वी सुंदर कोपऱ्यांच्या खाटा खूप होत्या. गोंडे, कळस, लाकडी गोळे. मुलांचे कपडे अडकले. एका घरात, मग दुसऱ्या घरात. कुणी तरी त्या घरांत गेलं, ती खाट मोजली, लिहून ठेवलं. नियमात मुलांची नावं नसतात. पण प्रत्येक आकड्यामागे एक आहे."

मी फोन ठेवून त्या खाटेसमोर उभा राहिलो. जिला मी सरकारी कटकट म्हणत होतो त्यातली एकेक ओळ कुणाच्या तरी रिकाम्या घरातून आली आहे. ज्या आयांनी तोंड उघडून सांगितलं, ज्यांनी ऐकून मोजलं, त्यांनी पिलारला वाचवलं. ती जन्मायच्या कितीतरी आधी. त्यांच्यापुढे हात जोडायचे तर कुठल्या दिशेला जोडू, तेही माहीत नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार

झ्द्राव्कोला सांगायचं टाळत होतो. आज सांगितलं.

आधी तो भडकला. "अमेरिकेला आमचं पाखरूसुद्धा बोचलं? बंदुका चालतात, पाखरू चालत नाही! आमची पोरं शेकडो वर्षं कोरीव पाळण्यात झोपली, मेली का?"

मी त्याला दोरीचं सांगितलं. मग पिलारच्या टोपीचं. मग हारूतने सांगितलं ते. तिकडून नुसती करवत ऐकू येत होती. मग तीही कुणी तरी बंद केली.

"ल्युबो," तो म्हणाला, "मांदा तेतका आठवते? वरच्या आळीतली?"

आठवली. लहानपणी गावी पाहिली होती, तेतका म्हणजे मावशी म्हणायचो तिला. काळे कपडे घालायची, कुणाशी बोलायची नाही.

"तिचं पोर पाळण्यात गेलं होतं. शर्टाची नाडी कोपऱ्याला अडकून. आम्ही म्हणालो देवाची इच्छा. पाद्रीही तेच म्हणाला. तो पाळणा आपल्या आजोबांनी केला होता. त्यांनी पुढच्या वर्षी तसाच दुसरा केला, कुणाला तरी." मग म्हणाला, "कुणी मोजलं नाही रे आमच्यात. कुणीच मोजलं नाही."

मी हळूच विचारलं, "मग पाखरांचं काय करू?"

"काप," तो म्हणाला. "सगळी काप. माझ्या माणसांना मी सांगतो."

१५ ऑगस्ट, शनिवार

चर्चमधल्या माउलीचा सण. सकाळी मिस्सा झाली आणि तिथूनच माझे जुने सोबती गोदामात आले, चुय सर्वांत पुढे, सणाच्या कपड्यांवर कामाचे डगले चढवून. तेओ मोठं पातेलंभर नूडल्स घेऊन आली. डानित्साने खात्याकडून कापायची परवानगी आणली होती, हारूतने कसं कापायचं ते काढून पाठवलं होतं.

पहिलं पाखरू कापायला कुणी पुढे येईना. सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी चुय पुढे झाला. कपाळावर, छातीवर क्रूस केला आणि करवत लावली. "माझी नात आहे," एवढंच म्हणाला.

मग दिवसभर तेच. कापायचं, घासायचं, अंगठा फिरवायचा, पुन्हा घासायचं. ज्यांनी आयुष्यभर पेट्या आदळल्या ते हात पेनीच्या जाडीसाठी भांडत होते. "ए, माझ्या अंगठ्याला लागतंय अजून." "तुझा अंगठा आहे की खिळा?" मी इतक्या वर्षांत या माणसांना एवढं हळुवार काम करताना पाहिलं नव्हतं.

कापलेली पाखरं डानित्साने एका पिंपात टाकू दिली. एकही जपून ठेवलं नाही. मला वाटलं होतं एखादं तरी ठेवेल.

२ सप्टेंबर, बुधवार

कापलेल्यातली एक खाट हारूतकडे पुन्हा हलली, आदळली, पिळली गेली, आणि पास झाली. पेनी मीच माझ्या हाताने ठेवून पाहिली.

नवं प्रमाणपत्र. या वेळी झ्द्राव्कोला फोन लावून एकेक प्रश्न विचारला. लाकूड तेच? तेच. रंग तोच? तोच. स्क्रू? तो वैतागला नाही. उठून गेला, स्क्रूची पेटी उघडून बघून आला, मग म्हणाला तेच.

बटण दाबलं नाही. डानित्साला म्हटलं, शब्द तुझा आहे, तू दाब. तिने सगळं पुन्हा वाचलं, ओठ हलवत, प्रार्थना म्हणावी तसं. मग दाबलं. श्वास घेईपर्यंत उत्तर आलं. या वेळी ते इतक्या लवकर आलं याची मला धास्ती वाटली.

रद्द करणारा दुकानदार परत आला नाही. दुसरे आले, थोडे कमी. धंदा उभा राहील असं डानित्सा म्हणते. नखं वाढू दिली आहेत.

१२ सप्टेंबर, शनिवार

आज ग्रासिएलाची खाट परत दिली. मनात धाकधूक होती. मीच तिच्या घरात ती चूक नेऊन ठेवली होती. ती म्हणाली असती नको, तर मी एक अक्षर बोललो नसतो.

तिने दार उघडून धरलं. मी खाट जोडली, चारही कोपऱ्यांवर अंगठा फिरवला, गज ओढून पाहिले, गादी दाबली. पिलार तिच्या खांद्यावर झोपी गेली होती, तोंडातून लाळ गळत होती.

"झालं का, नीनो?"

"झालं."

"मग कॉफी टाकते." तिने पोरीला खाटेत ठेवलं, पायातला एक मोजा वर ओढला, आणि बोलत बोलत निघून गेली. काही तरी शेजारणीच्या कुत्र्याबद्दल सांगत होती. ना कठडा हलवून पाहिला, ना कोपऱ्यावर हात फिरवला. दारातून बाहेर जाताना तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

पिलारचं पोट वर-खाली होत होतं. झ्द्राव्को, हारूत, तेओ, माझी पोर, ती नाव नसलेली घरं, मांदा तेतका, सगळी त्या खाटेभोवती उभी असल्यासारखी वाटली. आणि त्यांच्यातल्या माझ्या पोरीशिवाय कुणालाच ग्रासिएला ओळखत नव्हती. तरी ती वळली नव्हती.

"नीनो, कॉफी निवतेय!"

येतो म्हटलं, आणि उभाच राहिलो.